जनुकीय आजार: पेपरात पैकीच्या पैकी, पण आईच्या प्रश्नाला उत्तर नाही. प्रश्नावलीसाठी मदत हवी

शेवटच्या_वर्षाची

नमस्कार मंडळी. थोडं सविस्तर लिहिते, दोन ओळींत सांगण्यासारखं नाही.

मी नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रोजेक्टसाठी विषय घेतलाय: आरोग्यशाखांच्या विद्यार्थ्यांना जनुकीय आजारांची किती माहिती आहे, आणि असे आजार असलेल्या माणसांकडे ते कसं बघतात. नर्सिंग, फिजिओथेरपी, फार्मसी, वैद्यकीय, लॅब टेक्नॉलॉजी अशा सगळ्या शाखांत एकच प्रश्नावली फिरवायची आहे. कच्चा खर्डा आधी माझ्याच वर्गात भरून घेतला आणि तिथेच अडले.

माहितीचा भाग सगळ्यांना सोपा गेला. सिकलसेल वारशाने कसा येतो, हिमोफिलिया मुलग्यांत जास्त का दिसतो, डाऊन सिंड्रोममध्ये कितवं गुणसूत्र जास्तीचं असतं, सगळं पटापट लिहिलं. मग दोन प्रश्न मी जरा फिरवून घातले होते. पहिला असा: आई-वडील दोघंही थॅलेसेमियाचे वाहक आहेत (सदोष जनुकाची एकच प्रत, आजार नाही), पहिल्या मुलाला थॅलेसेमिया मेजर, म्हणजे आजाराचं गंभीर रूप, आहे, तर पुढच्या बाळाला तो होण्याची शक्यता किती? कितीतरी जणींनी लिहिलं की चारांतल्या एकाला होतो, तो झाला, आता पुढची तीन सुरक्षित. यात वर्गातल्या पहिल्या नंबराच्या मुलीही आल्या. दुसरा प्रश्न: जन्मजात आजार आणि जनुकीय आजार एकच का? बहुतेकींचं उत्तर 'हो'. गरोदरपणात आईला रुबेला झाला तर बाळाला मोतीबिंदू किंवा बहिरेपण येऊ शकतो, ते जन्मजात आहे पण जनुकीय नाही. उलट हंटिंग्टन (मेंदू हळूहळू निकामी करणारा आजार) जनुकीय आहे, पण लक्षणं बहुधा तिशी-चाळिशीत सुरू होतात. हे दोन्ही आम्ही शिकलो आहोत, फक्त वेगवेगळ्या विषयांत, वेगवेगळ्या वर्षी.

दृष्टिकोनाच्या भागाचं तर काय करावं हेच कळत नाही. 'वाहक व्यक्तीशी भेदभाव करणं योग्य आहे का?' यावर सगळ्यांनी 'अजिबात नाही'वर खूण केली. कागद गोळा केल्यावर त्याच मुली बोलायला लागल्या: "पहिलं मूल असं असताना दुसरं होऊच कसं दिलं?" "आईने आधी तपासणी का नाही केली?" वडिलांबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही.

हे सगळं मनाला लागायचं कारण वेगळं आहे. वॉर्डात डुशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी (स्नायू हळूहळू कमकुवत करणारा आजार) असलेला एक लहान मुलगा होता. जमिनीवरून उठताना तो आधी ओणवा व्हायचा, मग हात नडग्यांवर, गुडघ्यांवर, मांड्यांवर एकेक करून वर चढवत उभा राहायचा. आम्ही सगळ्यांनी त्याला गॉवर्स साइन म्हणून ओळखलं आणि खूश झालो. नंतर त्याच्या आईने माझ्या मैत्रिणीला हळूच विचारलं, "सिस्टर, हे माझ्याकडूनच आलं ना?" मैत्रीण म्हणाली, "हो, एक्स गुणसूत्र आईकडूनच येतं." पुस्तकातल्या आकृतीप्रमाणे बरोबर. पण साधारण एक तृतीयांश मुलांमध्ये हा बदल नव्यानेच झालेला असतो, आई वाहक नसतेच. त्या बाईंची तपासणी तेव्हा झालेलीही नव्हती. त्यानंतर त्यांनी आमच्यापैकी कुणालाच काही विचारलं नाही.

तर माझे प्रश्न: माहिती तपासायची तर नेमकं काय विचारू? दृष्टिकोन कागदावर पकडता येतो का? आणि जेनेटिक्समध्ये न जाणाऱ्या, साध्या वॉर्डात किंवा औषधाच्या काउंटरवर काम करणाऱ्या आपल्यासारख्यांना किमान काय यायलाच हवं?

वॉर्डातली_सिस्टर

तुझा शेवटचा प्रश्न आधी घेते, कारण माझं सगळं आयुष्य त्यातच गेलंय.

त्या आईला तेव्हा उत्तर द्यायचीच गरज नव्हती. आधी विचारायचं, "डॉक्टरांनी तुम्हाला आतापर्यंत काय सांगितलंय?" मग म्हणायचं की हे तपासणीशिवाय कुणालाच सांगता येत नाही, आणि आलं असलं तरी ते तुम्ही काही केल्यामुळे किंवा न केल्यामुळे आलेलं नाही. आणि त्याच दिवशी डॉक्टरांच्या कानावर घालायचं की आईच्या मनात हा प्रश्न आहे. विद्यार्थिनीकडून मला एवढंच हवं असतं. पण हे कुणी शिकवत नाही, मुली ऐकून ऐकून शिकतात, आणि काही भलतंच ऐकून शिकतात.

आता किमान काय यावं ते. हिमोफिलियाच्या मुलाला स्नायूत इंजेक्शन द्यायचं नाही. डोक्याला मार लागून आला तर आधी फॅक्टर (रक्त गोठवणारं, त्याच्यात कमी असलेलं प्रथिन), मग स्कॅन. स्कॅनच्या रांगेत फॅक्टरविना बसवून ठेवायचं नाही. त्याची आई वाहक असेल तर तिचंही फॅक्टर कमी असू शकतं, तिच्या बाळंतपणात, दात काढताना, ऑपरेशनच्या वेळी हे लक्षात हवं. 'वाहक म्हणजे ठणठणीत' हे सरसकट खरं नाही.

थॅलेसेमिया मायनर असलेल्या, म्हणजे वाहक, बाईचं हिमोग्लोबिन जरा कमी आणि तांबड्या पेशी लहान दिसतात. ते पाहून महिनोन् महिने लोहाच्या गोळ्या चालू राहतात. फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) कुणी बघितलेलं नसतं, मायनर ओळखणारी हिमोग्लोबिन ए२ची तपासणी तर लांबच. फार्मसीच्या मुलांनाही हे माहीत असायला हवं, कारण गोळ्या त्यांच्या हातून जातात. लोहाची कमतरता आणि मायनर दोन्ही एकत्र असू शकतात, म्हणून गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करायला सांगायच्या नाहीत, तपासणी करायला सांगायचं.

आणि सिकलसेलचं दुखणं. क्रायसिसमध्ये, म्हणजे तीव्र वेदनेच्या झटक्यात, बाहेरून काहीच दिसत नाही. सूज असेलच असं नाही, रक्तदाब कधी कधी नॉर्मल असतो. पेशंट गप्प पडून मोबाईल बघत असतो, कारण लहानपणापासून त्याने दुखणं असंच सोसलेलं असतं. नवी मुलगी येऊन म्हणते, "याला इंजेक्शनची सवय लागलीय." तुला दृष्टिकोन मोजायचाय ना? मग हे विचार: पेशंट दुखणं दहापैकी नऊ सांगतोय पण फोनवर बोलतोय, तू चार्टवर किती लिहिशील? याचं उत्तर खरं येईल.

वंशवेल

मी जेनेटिक कौन्सेलर आहे. प्रश्न वाचून बरं वाटलं, कारण बहुतेक प्रश्नावल्या 'डीएनए म्हणजे काय' इथेच अडकतात.

'एकाला झालं, आता तीन सुरक्षित' हा गैरसमज विद्यार्थ्यांत आहे तसाच पालकांतही आहे, आणि तो बोलून जात नाही. मी समोर दोन पाकिटं ठेवते, एक आईचं, एक वडिलांचं. प्रत्येकात एक पांढरी आणि एक निळी चिठ्ठी. दोघांनी आपापल्या पाकिटातून एकेक काढायची. दोन्ही निळ्या आल्या तर बाळाला आजार. एक निळी तर बाळ वाहक. मग मी सांगते की चिठ्ठ्या परत पाकिटात टाका आणि पुन्हा काढा. चिठ्ठी परत टाकताना पालकांच्या लक्षात येतं की मागच्या वेळी काय निघालं याचा पाकिटाला पत्ता नाही. दर खेपेला २५ टक्केच. काही जोडप्यांना लागोपाठ दोनदा दोन निळ्या येतात. तेव्हा कुणीतरी "आमचं असंच झालं" म्हणतं आणि खरं बोलणं तिथून सुरू होतं.

याच पाकिटांवर पुढचा प्रश्न घे, तो तुझ्या प्रश्नावलीत हवाच: आजारी मुलाची बहीण निरोगी आहे, ती वाहक असण्याची शक्यता किती? विद्यार्थी ५० टक्के लिहितात. ती निरोगी आहे हे माहीत असल्यामुळे 'दोन निळ्या' ही शक्यता बाद झाली. उरलेल्या तीनपैकी दोनांत ती वाहक आहे, म्हणजे दोन तृतीयांश. ज्याला सूत्र पाठ आहे पण समोरचं माणूस दिसत नाही, तो इथे बरोबर सापडतो.

डुशेनबद्दल तू लिहिलंस त्यात भर घालते. आईच्या रक्तात बदल सापडला नाही, तरी पुढच्या मुलाला धोका शून्य असं सांगत नाहीत. कधी कधी बदल तिच्या काही बीजपेशींतच असतो, रक्तात दिसत नाही. म्हणून "तुमच्याकडून आलं" हे जसं घाईचं, तसंच "आता काही काळजी नाही" हेही घाईचं.

वडिलांबद्दल कुणी बोललं नाही, हे तू टिपलंस ते फार महत्त्वाचं आहे. यावर सरळ माहितीचाच प्रश्न करता येईल: स्तनाच्या कर्करोगाचा धोका वाढवणारा बीआरसीए जनुकातला बदल वडिलांकडून मुलीला येऊ शकतो का? येतो, आईकडून येण्याइतकाच. तरी कुटुंबाचा इतिहास विचारताना विद्यार्थी 'आई, मावशी, आजी' लिहून थांबतात. आत्या आणि वडिलांची आई राहूनच जातात. प्रत्येकाला तीन पिढ्यांची पेडिग्री, म्हणजे वंशावळीची आकृती, काढायला लाव. चौकोन पुरुष, वर्तुळ स्त्री, आजार असेल तर भरलेलं, आणि ज्याच्यापासून चौकशी सुरू झाली त्याच्याकडे बाण. पानाचा कुठला अर्धा भाग रिकामा राहतो तेवढं बघ.

दृष्टिकोनासाठी 'सहमत-असहमत' शक्यतो टाळ. उत्तर काय अपेक्षित आहे हे आपल्या शाखांतल्या मुलांना दुरून कळतं. प्रसंग दे आणि 'तुम्ही काय म्हणाल, शब्दशः लिहा' असं विचार. उदाहरणार्थ, वडिलांना हंटिंग्टन आहे, २५ वर्षांची मुलगी म्हणते की मला चाचणी करायची नाही. तिला आजार होण्याची शक्यता ५० टक्के आहे. जनुक १९९३ साली सापडलं, चाचणी उपलब्ध आहे, पण आजार थांबवणारा इलाज अजून नाही. धोका असलेले बरेच लोक विचारपूर्वक चाचणी टाळतात. विद्यार्थी तिला 'समजावायला' जातो की तिचं ऐकून घेतो? आणि तिची आई म्हणाली की धाकट्या १२ वर्षांच्या भावाची तरी करून टाका, तर? लक्षणं नसलेल्या लहान मुलांची ही चाचणी करत नाहीत, तो निर्णय त्याने मोठं होऊन घ्यायचा असतो. हे किती जणांना माहीत आहे ते मलाही वाचायला आवडेल.

पॅथॉलॉजीचा_मास्तर

वरच्या दोघींशी बराचसा सहमत आहे, पण एका गोष्टीवर थांबवतो. पुस्तकी प्रश्न कमी करू नका. डाऊन सिंड्रोमचं बाळ जन्मलं की विद्यार्थी 'आईचं वय' म्हणून मोकळे होतात. सुमारे ९५ टक्के बाळांत २१वं गुणसूत्र सुटं, जास्तीचं आलेलं असतं आणि ते सहसा वारशाने आलेलं नसतं. पण थोड्या बाळांत ते दुसऱ्या गुणसूत्राला चिकटून येतं, आणि मग आई किंवा वडील यांपैकी कुणी तसं जोडलेलं गुणसूत्र बाळगून आहे का हे बघावं लागतं. पुढच्या बाळाचा सल्ला त्यावरून बदलतो. चेहरा बघून निदान झालं तरी कॅरिओटाइप (गुणसूत्रांची तपासणी) करायचा तो यासाठी. पाठांतर पक्कं नसेल तर हा प्रश्न सुचतच नाही. आणि वयाबद्दल: वय वाढलं की शक्यता वाढते हे खरं, पण तरुण बायकांची बाळंतपणंच जास्त होतात, त्यामुळे डाऊन असलेल्या बाळांच्या आयांमध्ये तरुण आया भरपूर असतात.

माहिती वाढली की दृष्टिकोन आपोआप सुधारतो, असं मात्र गृहीत धरू नकोस. १९३३ साली जर्मनीत सक्तीच्या नसबंदीचा कायदा आला. त्याच्या यादीत हंटिंग्टन होता, आनुवंशिक अंधत्व आणि बहिरेपण होतं. निर्णय देणाऱ्या न्यायालयांत एक न्यायाधीश आणि दोन डॉक्टर बसत. रुग्णांची नावं डॉक्टरांनी कळवायची असत. सुमारे चार लाख लोकांवर ती शस्त्रक्रिया झाली. खुर्चीत बसलेले ते डॉक्टर आपल्या काळातलं आनुवंशिकशास्त्र शिकलेले होते. मी हे वर्गात दरवर्षी सांगतो आणि सांगताना आवाज चढतो, चढू द्यावा असं मला वाटतं. "होऊच कसं दिलं?" असं जेव्हा विद्यार्थिनी म्हणते, तेव्हा तिला हा इतिहास माहीत असायला हवा.

दुसरी एक समजूत तपास: 'जनुकीय आहे, म्हणजे काही करता येत नाही.' १९३४ साली नॉर्वेत दोन मंदबुद्धी ठरवलेल्या मुलांची आई आस्ब्यॉर्न फॉलिंग या डॉक्टरांकडे गेली. मुलांच्या अंगाला विचित्र वास येतो, हे ती आधी बऱ्याच जणांना सांगून थकली होती. फॉलिंग यांनी मुलांच्या लघवीत फेरिक क्लोराइड टाकलं आणि ती हिरवी झाली. फेनिलकीटोन्युरिया असा सापडला: फेनिलॲलानिन हा प्रथिनांतला घटक शरीरात साठून मेंदूला इजा करतो तो आजार. १९५० च्या दशकात त्यावर कमी फेनिलॲलानिनचा आहार आला, आणि १९६० च्या दशकात रॉबर्ट गथ्री यांच्या चाचणीमुळे टाचेतून घेतलेल्या रक्ताच्या थेंबावर नवजात बाळांची तपासणी होऊ लागली. लवकर आहार सुरू झालेली मुलं शिकतात, नोकऱ्या करतात. जनुक तेच राहिलं आणि आयुष्य पूर्ण बदललं. अलीकडचं बघायचं तर स्पायनल मस्क्युलर ॲट्रॉफी या स्नायू दुबळे करणाऱ्या आजारावरचं पहिलं औषध २०१६ मध्ये मान्य झालं, आणि सिकलसेलवर जनुक संपादनाचा उपचार २०२३ मध्ये ब्रिटनने मान्य केला. जुन्या आवृत्तीच्या पुस्तकात हे काहीच नाही. तुझ्या प्रश्नावलीत 'खालीलपैकी कोणत्या आजारावर उपचार उपलब्ध आहे' असा एक प्रश्न टाक. मुलं निराश उत्तरं देतील, आणि तीच निराशा ती पालकांपर्यंत पोचवतात.

धाकटी

मी फिजिओथेरपीच्या तिसऱ्या वर्षाला आहे आणि माझ्या मोठ्या भावाला डुशेन आहे. वर्गात फक्त एका मैत्रिणीला माहीत आहे.

आमच्याकडे हा आजार शिकवला तेव्हा शेवटच्या स्लाइडवर होतं की रुग्ण विशीत दगावतो. बाकीच्यांनी वहीत लिहून घेतलं. माझा भाऊ तिशीच्या जवळ आलाय, रात्री श्वासासाठी मशीन लावतो, दिवसा घरून ॲनिमेशनचं काम करतो. स्टिरॉइड, श्वासाचा आधार, हृदयाची औषधं यांनी आता बरीच मुलं तिशीत पोचतात. तपासणी करताना विद्यार्थी त्याच्याशी न बोलता माझ्या आईला विचारतात, "याला दुखतं का?" तो समोर बसलेला असतो. ताई, प्रश्नावलीत हे घालच: चाकांच्या खुर्चीवरचा २८ वर्षांचा रुग्ण आणि सोबत आई आहे, पहिला प्रश्न कुणाला विचाराल?

बाकी, तुमच्या त्या आईबद्दल वाचून मला माझी आई आठवली. तिला कुणी सरळ दोष दिला नाही. पण प्रत्येक नव्या डॉक्टरकडे, प्रत्येक नव्या विद्यार्थ्यासमोर तिला सांगावं लागतं की हो, मी वाहक आहे. लिहून घेणारा मान वर करत नाही. तिच्या स्वतःच्या हृदयाची तपासणी व्हायला हवी, कारण वाहक बायकांच्याही हृदयावर परिणाम होऊ शकतो, हे तिला फार उशिरा कळलं. तेही मीच वाचून सांगितलं.

मी वाहक आहे का, ही चाचणी मी अजून केलेली नाही. करेन, पण माझ्या वेळेला. वाहक आईची मुलगी वाहक असण्याची शक्यता ५० टक्के, हा आकडा मला वर्गात हात वर करून सांगावा लागला होता, कारण सरांनी मलाच विचारलं. त्यांना माहीत असायचं काही कारण नव्हतं. पण तुम्ही प्रश्नावली वाटाल तेव्हा एवढं लक्षात ठेवा की समोर बसलेल्यांत माझ्यासारखे असतील.

शेवटच्या_वर्षाची

सगळ्यांचे मनापासून आभार. धाकटी, तुझं पोस्ट गाइड मॅडमना दाखवायची परवानगी देशील का? नाव-गाव काही नसेल.

काय बदललं ते सांगते. 'सहमत-असहमत' काढून टाकलं. त्याऐवजी प्रसंग घेतले: डुशेनची आई, सिकलसेलचा चार्ट, हंटिंग्टनची मुलगी आणि तिचा धाकटा भाऊ, खुर्चीवरचा रुग्ण. उत्तर शब्दशः लिहायचं. माहितीत दोन तृतीयांशचा प्रश्न, वडिलांकडून येणारा बीआरसीए, जन्मजात-जनुकीय, डाऊनमध्ये कॅरिओटाइप का, आणि सरांचा उपचारांचा प्रश्न. शेवटी कोरं पान, त्यावर पेडिग्री.

एक अडचण उरलीच. पेडिग्री स्वतःच्या घराची काढायला सांगू का? मॅडम म्हणतात त्याने मुलं मनापासून करतील. धाकटीचं वाचल्यावर मला धीर होत नाही.

धाकटी

दाखव ना, खुशाल दाखव.

वंशवेल

स्वतःच्या घराची अजिबात नको. त्यातून एखाद्याला पहिल्यांदाच कळू शकतं की आपल्यालाही धोका आहे, तेही वर्गात, शेजारी मैत्रीण डोकावत असताना. काल्पनिक कुटुंब दे, मी तुला तीन तयार करून पाठवते. त्यातल्या एकात आजार वडिलांकडून येईल.

संमतिपत्रात स्पष्ट लिही की कुठलाही प्रश्न सोडता येईल, मध्येच थांबता येईल, नाव लिहायचं नाही, मार्कांशी संबंध नाही. काही मुलं प्रश्न वाचूनच घरच्या कुणाबद्दल विचारात पडतील. त्यांच्यासाठी शेवटच्या पानावर कौन्सेलरला कसं आणि कुठे भेटता येईल ते दे, आणि ते पान फाडून सोबत नेता येईल असं छाप. सगळ्यांनाच दे, म्हणजे कुणी नेलं हे कुणाला कळणार नाही.